पेटीवर कोण बसलंय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीत पंच असलेल्या एका भगिनीचं पत्र थोडक्यात असं: "उपासनेत पेटी वाजवणारी आमची एक मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली. कमिटीने तिला गायनातून काढलं, सहा महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, बंद केलं. मुलगा खजिनदारांचा. त्याला पाळकसाहेबांनी घरी बोलावून समज दिली, बस्स. तो दर रविवारी शास्त्रपाठ वाचतो, ती शेवटच्या बाकावर चपलांजवळ बसते. पेटी सध्या माझी मुलगी सांभाळते. हा पक्षपात बघवत नाही. मंडळीत फूट न पाडता कमिटीला कसं समजवावं?"

ताई,

पाळकसाहेब, खजिनदार, त्यांचे चिरंजीव, सगळ्यांवर तुम्ही पानभर लिहिलंत. स्वतःच्या घराबद्दल एकच ओळ, तीही घाईत उरकलेली. पेटी सध्या माझी मुलगी सांभाळते. मी तिथेच अडकले.

शास्त्र तुम्हाला पाठ असणार. लेवीय २०:१० मध्ये व्यभिचाराची शिक्षा दोघांनाही आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात मात्र येशूपुढे एकट्या बाईलाच धरून आणतात. तो पुरुष कुठे गेला, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. कुणाची संगत धरू नये याच्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या यादीत जारकर्म्यांच्या जोडीला लोभी, दारुडे आणि निंदा करणारेही आहेत. त्यांना भाकर आणि प्याला बंद करायचा म्हटलं तर तुमच्या कमिटीची गणसंख्या तरी भरेल का? पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी अशाच बायकांसाठी कृपासदन हे आश्रयगृह काढलं. आपण त्यांच्या स्मृतिदिनाला भाषणं ठोकतो आणि घरी येऊन आपल्या पोरीला चपलांजवळ बसवतो.

हे सगळं सभेत बोलाल, ते बरोबरच असेल. मग खजिनदार चष्मा पुसत एवढंच विचारतील, "बाई, तुमच्या लेकीला जागा मिळाली तेव्हा का नाही बोललात?" काय सांगाल?

"निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा" असं येशू म्हणाला, तेव्हा त्या बाईभोवती जमलेल्यांपैकी आधी कोण निघून गेलं, आठवतंय ना? वडीलधारे. तुमच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्यांत तुम्हीही आहात.

तेव्हा समजावणं राहू द्या. येत्या रविवारी तुमची मुलगी पेटीवर बसणार नाही. शनिवारच्या सरावातच सांगा, आणि लेकीला खरं कारण सांगा, "परीक्षा आहे" वगैरे नको. तिचा हिरमोड होईल, होऊ दे. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं टाळ्यांवरही म्हणता येतात. सूर चढेल, कुणीतरी मध्येच थांबेल, लोक वळून बघतील. "आज पेटी का नाही?" असं पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणा, "वाजवणारी आहे की. आपण तिला बसू देत नाही."

पण हे त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, अचानक तिच्याकडे माना वळायला नकोत. आणि पंचांची खुर्ची सोडून तुम्ही त्या शेवटच्या बाकावर बसा. चपला पायाने जरा सरकवल्या की दोघींपुरती जागा होते.