नवीन नोकरीत आधी हे बघ
पगाराच्या आकड्याइतकंच एक बघ: आपलं काम कसं करायचं, हे ठरवताना तुला कितपत विचारतात? कामाचा रेटा मोठा आणि हातात निर्णय काहीच नाही, तिथे माणूस सर्वाधिक पिचतो, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. मला ते फार उशिरा कळलं. पाठदुखीचं खापर मी खुर्चीवर फोडत राहिलो. (खुर्चीही वाईटच होती म्हणा.)

तास मात्र लिहून ठेव. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. काम वाढलं तर नुसतं कुरकुरू नकोस. यातलं कोणतं मागे ठेवू, एवढंच वरिष्ठांना विचार.