बीटा-२ ७.८ आणि 'स्टेज ३': हा रिपोर्ट कसा वाचायचा

वडिलांच्या मायलोमाच्या (बोन मॅरोतल्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) रिपोर्टवर 'आयएसएस स्टेज ३' पाहून तुम्ही विचारलंय, म्हणजे शेवटची स्टेज का? तुम्ही दिलेले आकडे: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (पेशींवरून रक्तात येणारं एक प्रोटीन) ७.८ मिग्रॅ/लिटर, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) ३.२ ग्रॅम/डेसिली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) ३.१ मिग्रॅ/डेसिली, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, फिशमध्ये (पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी) 'दोष नाही', एम प्रोटीन (रोगट प्लाझ्मा पेशींनी बनवलेलं प्रोटीन) ४.२ ग्रॅम.

मायलोमाची स्टेज रोग कुठवर पसरला हे सांगत नाही. २००५ ची आयएसएस (मायलोमाची आंतरराष्ट्रीय स्टेजिंग पद्धत) दोनच रक्ततपासण्यांवर ठरते. बीटा-२ ५.५ किंवा जास्त असलं की स्टेज ३, अल्ब्युमिन कितीही असो. बीटा-२ ३.५ च्या खाली आणि अल्ब्युमिन किमान ३.५ असेल तर १. बाकी सगळे २.

गोची अशी की बीटा-२ किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं, मग रोगाचा भार किती आणि किडनीचा वाटा किती हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच २०२५ च्या हाय-रिस्कच्या (जास्त धोक्याच्या मायलोमाच्या) नव्या व्याख्येत ५.५ किंवा जास्त बीटा-२ धरलं जातं, पण क्रिएटिनिन १.२ च्या खाली असेल तरच. वडिलांचं ३.१ आहे, त्यामुळे निव्वळ ७.८ वरून ते हाय-रिस्क ठरत नाहीत. अर्थात किडनी बिघडणं ही स्वतःच हलकी बाब नाही; ती वाचवायची तर उपचार लांबवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

२०१५ च्या आर-आयएसएसमध्ये (सुधारित आयएसएस) एलडीएच आणि फिश धरले जातात. आयएसएस ३ असूनही हे दोन्ही चांगले असतील तर स्टेज २ होते. मूळ अभ्यासात ५ वर्षांनी हयात असलेले स्टेज १ मध्ये ८२ टक्के, २ मध्ये ६२, ३ मध्ये ४० होते. हे रुग्ण आजच्या चार औषधांच्या उपचारांच्या आधीचे, आणि आकडे गटाचे आहेत, एका माणसाचे नव्हेत.

पण हे सगळं फिश खरं असेल तर! माझ्या मते तुमच्या फाइलमधला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. रिपोर्टमध्ये 'सीडी १३८ ने (प्लाझ्मा पेशींवरची खूण) वेगळ्या केलेल्या प्लाझ्मा पेशींवर तपासणी' असं लिहिलंय का ते पाहा. नसेल, तर सरसकट मोजलेल्या २०० पेशींत प्लाझ्मा पेशी जेमतेम १०-१५ असू शकतात आणि दोष असूनही निसटतो. बोन मॅरो काढताना सिरिंजने ओढलेला पहिला नमुना दुसऱ्या तपासणीला गेला आणि फिशला रक्त मिसळलेला नंतरचा मिळाला, तरी तेच होतं. दुसरं, कोणते प्रोब (ठरावीक दोष शोधणारे रंगीत तुकडे) लावले? १७पी डिलीशन (गुणसूत्राचा तुकडा गळणं), ४;१४ आणि १४;१६ ट्रान्सलोकेशन (दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल), १क्यू वाढ आणि १पी डिलीशन ही नावं हवीत. १क्यू बऱ्याचदा राहून जातं. नुसतं 'कॅरिओटाइप (पेशी वाढवून पाहिलेली गुणसूत्रं) नॉर्मल' असेल तर त्यावर विसंबू नका. प्लाझ्मा पेशी प्रयोगशाळेत फारशा विभागत नाहीत, त्यामुळे वाढलेल्या नॉर्मल पेशीच दिसतात. शंका असेल तर उरलेल्या नमुन्यावर तपासणी होईल का, हे लवकर विचारा.

एलडीएचचं उलट: नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तर ते खोटं वाढतं. एकदाच वाढलेलं दिसलं तर पुन्हा करून घ्यावं.

एम प्रोटीन ४.२ ची भीती बाळगू नका. तो आकडा आयएसएस किंवा आर-आयएसएसमध्ये येतच नाही. तो पुढे उपचार लागू पडतोय का ते मोजायला: निम्मा झाला तर अंशतः प्रतिसाद, ९० टक्के घटला तर खूप चांगला (लघवीतलं प्रोटीनही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरायला हवं). फ्री लाइट चेन (कप्पा आणि लॅम्डा या अँटिबॉडीच्या सुट्या तुकड्यांची रक्ततपासणी) दर वेळी एकाच लॅबमध्ये करा आणि एकक बघा. मिग्रॅ/लिटर आणि मिग्रॅ/डेसिलीत दहापट फरक पडतो. किडनी बिघडलेली असताना कप्पा-लॅम्डा गुणोत्तर ०.२६ ते १.६५ च्या नेहमीच्या मर्यादेत बसवू नका, अशा वेळी ०.३७ ते ३.१ धरतात. डाराट्युमुमॅब (मायलोमावरचं अँटिबॉडी औषध) सुरू असेल तर लॅबला तसं कळवा. ते औषध स्वतःच आयजीजी कप्पा प्रकारची अँटिबॉडी असल्यामुळे इम्युनोफिक्सेशनमध्ये (एम प्रोटीनचा प्रकार ओळखणारी तपासणी) बारीक पट्टी दिसते, आणि रोग शिल्लक आहे असा गैरसमज होतो.