जपानी सहकाऱ्यांशी गप्पा कशावर माराव्यात? हवामानाखेरीज ते काही बोलतच नाहीत का?

बोलतात की. खाण्यावर तर अखंड बोलतात. गावाचं नाव सांगितलं की तिथला पदार्थ निघालाच. ओसाकाकडचा माणूस असेल तर बेसबॉलमधल्या हानशिन टायगर्सचा विषय काढा. 1985 नंतर थेट 2023 मध्ये जपान सिरीज, म्हणजे तिथलं बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकलेत ते, पुढे तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही.

पण हवामानाला नाकं का मुरडता? आम्ही तोक्योत एदोगावा भागात राहतो. सकाळी कचऱ्याच्या पिशव्या कावळ्यांनी फाडू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली सारताना खालच्या मजल्यावरच्या आजी भेटतात. थंडी आहे नाही, हो ना, संपलं. एकदा फेब्रुवारीत त्यांचे डोळे लालभडक दिसले. मी म्हटलं, "परागकण सुरू झाले वाटतं." आजी थांबल्याच. त्या मूळच्या लांब उत्तरेकडच्या आकिताच्या. युद्धानंतर लाकूड हवं म्हणून डोंगरच्या डोंगर सुगी नावाच्या झाडांनी भरले, सुरूसारखं उंच झाड असतं ते. आजींच्या वडिलांनीही लावली, रोपं वाहायला ही पोरं. पुढे परदेशातून स्वस्त लाकूड आलं, झाडं तशीच राहिली आणि आता दर वसंतात लोक शिंकून बेजार. "बाबांचीच झाडं मला रडवतात," म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. आकिताचे पराग तोक्योपर्यंत कशाला येतायत! पण कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी आम्ही तिथेच उभ्या.

माझ्या दिरांचं मत तुमच्यासारखंच, माणसं कोरडी. इथे आले तेव्हा पहिल्याच जेवणात त्यांनी ह्यांच्या साहेबांना विचारलं, घर स्वतःचं का, केवढ्याला पडलं, मुलीचं लग्न का नाही केलं अजून? साहेब "सो देसु ने, सो देसु ने" (आपलं "हो ना, हो ना") करत त्यांच्या ग्लासात बिअर ओतत राहिले. दीर अजून सांगतात, काय गप्पा रंगल्या होत्या! याला गप्पा म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात.

तेव्हा पगार, लग्न, राजकारण इतक्यात नको. समोरचा बोलत असताना हुंकार मात्र देत राहा, नाहीतर लक्ष नाही असं वाटतं त्यांना. अर्थात हे सगळं माझ्या तोक्योच्या अनुभवावरून. ओसाकात लोक आपणहून बोलायला येतात, आणि ऑफिसातली तरुण मंडळी जेवतानाही फोनमध्येच असतात.

साहेबांच्या मुलीचं लग्न झालं मागेच. दिरांना मी कळवलेलं नाही.