मासे कल्ल्यांमधला रक्तप्रवाह कमी-जास्त कसा करतात?

तुम्ही विचारलंय की कल्ल्यांतून जाणारं रक्त माशाला कंट्रोल करता येतं का, की ते आपलं एकसारखं वाहत असतं. येतं, आणि मला तरी हा माशांमधला सगळ्यात भारी प्रकार वाटतो. आधी एक क्लिअर करतो, हृदयातून निघालेलं रक्त आधी सगळंच्या सगळं कल्ल्यांत जातं आणि तिथून पुढे अंगभर, त्यामुळे कल्ल्यांना वगळून जायची सोय नाहीच, कमी-जास्त होतं ते कल्ल्याचा केवढा भाग वापरायचा हे.

पणजी मार्केटात ताजा बांगडा घेतलात तर कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा. प्रत्येक बाजूला चार कमानी आणि त्यांवर लालभडक तंतूंच्या दोन-दोन रांगा. प्रत्येक तंतूवर दोन्ही अंगांनी एकदम पातळ पापुद्रे असतात, नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, पण ऑक्सिजन रक्तात शिरतो तो तिथेच.

मासा निवांत असला की हे सगळे पापुद्रे चालू नसतात. रेनबो ट्राउटमध्ये निवांत असताना साधारण 60 टक्केच पापुद्र्यांतून रक्त फिरतं, टोकाकडचे बरेच रिकामे. जोरात पोहायला लागला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, पापुद्र्यांत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या सैल होतात, रक्ताचा दाब वाढतो आणि टोकाकडचे पापुद्रेही भरतात. आपल्याकडे खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाची) दारं भरतीच्या दाबानेच लागतात ना, कोणी ढकलत नाही, तसं इथेही बरंच काम दाबच करतो. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर पद्धत वेगळी, बऱ्याच माशांत हृदय उलट हळू होतं आणि तंतूतून रक्त बाहेर पडतं तिथला स्नायू आवळला जातो, म्हणजे मागे दाब चढतो आणि पुन्हा जास्त पापुद्रे उघडतात.

मग सगळे कायमच उघडे का नाही ठेवत? कारण ज्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन येतो त्यातूनच मीठ आणि पाणीही ये-जा करतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं मीठ बाहेर जातं आणि पाणी आत घुसतं, समुद्रातल्याचं बरोबर उलटं, आणि हे निस्तरायला एनर्जी जाते, म्हणून गरज असेल तेवढंच उघडायचं. चोणक मासा तर खाडीतून गोड्या पाण्यात आणि परत असा फिरतो, त्याला दोन्हीकडचं सांभाळावं लागतं.

रोहू-कटल्याचं बीज लांब न्यायचं असलं की पाण्यात थोडं मीठ घालतात ते याचसाठी, घाबरलेल्या पिल्लांचे कल्ले पूर्ण उघडलेले असतात आणि अंगातलं मीठ भराभर जात असतं.