सुरुवात ज्वारीपासून करा

किन्वा, अ‍ॅव्होकाडोची यादी आधी बाजूला ठेवा. पुण्यात राहून निसर्गाला सोसेल असं खायचं, तर ज्वारीला पर्याय नाही. रब्बीची ज्वारी पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. भाताइतकं पाणी तिला लागत नाही. पण लगेच रोज भाकरी थापायचा नेम करू नका, हात बसायला वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा पुरे. सोबत हुलगे, मटकी किंवा चवळीची उसळ. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून या पिकांना युरिया कमी लागतो.

मंडईत जाताना यादी नेऊ नका, जे ढिगाने आलंय ते घ्या. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू या रानभाज्या (कोवळाच पाला, आणि कसा करायचा ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा), पाऊस सरताना पुरंदरची सीताफळं.

सेंद्रियच्या लेबलामागे पहिल्याच महिन्यात धावलात तर खिसा रिकामा होईल आणि नादही सुटेल. त्यापेक्षा घरातलं काय फेकलं जातंय ते बघा. मुळ्याचा पाला पीठ पेरून, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा.

दूधतुपाचाही निसर्गावरचा भार मोठा आहेच, पण तो विषय सासूबाईंसमोर इतक्यात काढू नका.