एम.एस्सी. संगणकशास्त्र झाल्यावर महाविद्यालयात शिकवता येईल का आणि ते काम कसे असते?

होय, येईल, परंतु महाराष्ट्रातील विज्ञान महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी खुल्या प्रवर्गात पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत आणि त्यासोबत नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावे लागते. सेट ही परीक्षा महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पूर्णवेळ पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. तथापि, अशी पदे मोजकीच निघतात आणि माझ्यासह अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर होते, हे घरखर्चाचा हिशेब मांडतानाच लक्षात घ्यावे.

कामाचा खरा कस प्रयोगशाळेत लागतो. सी भाषेच्या पहिल्या काही प्रात्यक्षिकांत विद्यार्थी स्कॅनएफमध्ये, म्हणजे टाइप केलेली माहिती वाचून घेणाऱ्या सूचनेत, चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाआधीचे, त्याचा मेमरीतला पत्ता सांगणारे अँड (&) हे चिन्ह हमखास विसरतात; प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण आकडा टाइप करताच बंद पडतो आणि मुले गोंधळून जातात. अशा वेळी मी चूक दुरुस्त करून देत नाही. फळ्यावर एक चौकट काढून तिच्यावर घराचा असतो तसा क्रमांक लिहितो आणि विचारतो, ‘पत्ताच दिला नाही, तर पत्र पोहोचणार कुठे?’ मराठी माध्यमातून आलेली, एरवी गप्प बसणारी मुलगी जेव्हा स्वतःहून ते चिन्ह टाइप करते, तेव्हा दिवसभराचा शीण उतरतो.

शिकवण्याची मनापासून ओढ असेल, तर शेवटच्या सत्रापासूनच सेटचा अभ्यास सुरू करावा.