वाचकांचे प्रश्न : निवेदनाची पोच मिळते, निर्णय मात्र होत नाही

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी कचरा वेचणाऱ्या महिलांचा गट आम्ही बांधला आहे. नवा ठेकेदार आल्यापासून त्यांना कचरा डेपोवर मज्जाव केला जातो. नगरपरिषदेला वारंवार निवेदने दिली. पोच मिळते, पुढे काहीच होत नाही. धोरण बदलावे यासाठी गटाने काय करावे?

उत्तर : आपण पाठवलेली निवेदनाची प्रत वाचली. तीत अन्यायाचे वर्णन कळकळीने केले आहे, परंतु नगरपरिषदेने नेमका कोणता ठराव करावा, हे कोठेही लिहिलेले नाही. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढ्याच मागणीवर कोणत्याही टेबलावर निर्णय होत नाही.

पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचा अनुभव येथे पाहण्याजोगा आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या या संघटनेने दयेची याचना केली नाही. वेचक महिला जो माल वेगळा काढतात, तो वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, म्हणजेच त्या शहराचे काम करतात, हा मुद्दा तिने हिशेबानिशी मांडला. प्रारंभीची मागणीही नेमकी होती : महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र. चोरीच्या संशयावरून ज्यांना रस्त्यात हटकले जाई, त्या बायकांच्या हाती त्या कार्डाने आपण कामगार असल्याचा पुरावा दिला. पुढे वेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी तिच्याशी करार केला. या वाटचालीला दीड दशक लागले, हे गटातील बायकांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर पहिल्या नकारालाच मने खचतात.

आपणही महिनाभर नोंद ठेवा. कोणी किती किलो प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेचला, भंगाराच्या दुकानात काय भाव मिळाला, हे रोज वहीत उतरवा. वजनाच्या पावत्या जपून ठेवा. लिहिता न येणाऱ्यांची नोंद त्यांच्या शाळकरी मुलींकडून करून घेता येईल. ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मागवा. त्यात वेचकांविषयी काय म्हटले आहे किंवा काहीच म्हटलेले नाही, ते पाहूनच मागणी लिहा. वेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना या कामात सामावून घेण्याची जबाबदारी केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली, याचा निवेदनात स्पष्ट उल्लेख हवा.

दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या राज्य कायद्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. त्यामुळे आवक क्रमांक देऊन, फाईल सध्या कोणाकडे आहे, हे लेखी विचारा. त्याच सुमारास आपल्या प्रभागांतील नगरसेवकांना वहीसह भेटा आणि ओळखपत्रे देणे व डेपोवर वर्गीकरणासाठी प्रवेश देणे, एवढ्या दोनच बाबींचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत मांडण्याची विनंती करा. ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्यावा.